पावणेपाचचं काळं आभाळ

फोटो एडिट करणाऱ्या हौशी माणसांची एक तक्रार कायम कानावर येते. कल्पना डोक्यात होती तोवर झकास होती, पडद्यावर उतरवली तर तिला उठावच येईना. चंद्र आहे, डोंगर आहेत, पुढे घरं आहेत, कुठे काही चुकलेलंही दिसत नाही; पण सगळं एकाच अंतरावर उभं असल्यासारखं वाटतं. मग कॉन्ट्रास्ट वाढवून बघायचा, धार वाढवून बघायची, रंग भडक करून बघायचे. चित्र कडक होतं, डोळ्यांना टोचायला लागतं, आणि सपाट ते सपाटच राहतं.

या दुखण्यावरचं मला माहीत असलेलं सर्वांत सखोल उत्तर एका कृष्णधवल छायाचित्रात आहे. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचं १९४१ सालचं ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’. विसाव्या शतकातल्या सर्वाधिक गाजलेल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. २००६ साली त्याच्या एका प्रिंटला लिलावात सहा लाख डॉलरहून जास्त किंमत आली. पण हे चित्र जन्माला आलं तेव्हा बऱ्यापैकी सपाट होतं, ही गोष्ट त्याच्या कौतुकात हरवून जाते. निगेटिव्ह एका सेकंदात झाली. चित्र घडायला पुढची कित्येक वर्षं लागली. त्या वर्षांत ॲडम्सने काय केलं ते बारकाईने पाहिलं, तर उठाव नेमका कुठून येतो हे कळतं.

आधी चित्र पाहू. आडवी चौकट. तळाशी रानटी झुडपांचा काळपट पट्टा. त्यामागे वस्ती: कच्च्या विटांची, मातीने लिंपलेली बुटकी घरं, एक छोटं चर्च आणि लागूनच दफनभूमी. तिथले पांढरे क्रूस उतरत्या उन्हात उजळलेत. वस्तीमागे दूरवर डोंगररांग, माथ्यावर बर्फ. डोंगरांवर पांढऱ्या ढगांचा लांबट आडवा थर. आणि मग आभाळ. अर्ध्याहून जास्त चौकट नुसतं आभाळ, वर जाता जाता काळं ठिक्कर होत गेलेलं. त्यात, ढगांच्या थरापासून बराच वर, पूर्ण गोल व्हायला थोडा उणा असलेला चंद्र. लहानसा, एकटा.

कुणीही म्हणेल, रात्रीचं चित्र आहे. निदान तिन्हीसांजेचं तरी. ॲडम्सला तारखा कधीच धड आठवत नसत. या चित्राला त्याने स्वतःच वेगवेगळी सालं दिली होती. अखेर १९९१ साली डेनिस डी सिको या खगोल-अभ्यासकाने चंद्राची जागा, डोंगरांच्या रेषा आणि कॅमेरा उभा होता ती जागा यांचं गणित मांडून वेळ पक्की केली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटं. सूर्य अजून मावळायचा होता. क्रुसांवरचं ऊन त्याचंच. सूर्य वर असताना आभाळ काळं होत नसतं. म्हणजे चित्रातलं काळं आभाळ त्या क्षणी तिथे नव्हतंच. ते ॲडम्सने केलं. कसं आणि का, यातच या चित्राचा सगळा रस आहे.

त्या दिवशी तो चामा नदीच्या खोऱ्यातून सांता फेकडे परतत होता. गाडीत मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. दिवसभरात मनासारखं काही हाती लागलं नव्हतं. हर्नांडेझजवळ डावीकडे हे दृश्य दिसलं, त्याने गाडी कडेला घेतली आणि आठ बाय दहा इंची फिल्मचा अवजड कॅमेरा घाईघाईने उभा केला. प्रकाशमापक सापडेना. ऊन क्रुसांवरून निसटायच्या बेतात. अशा वेळी त्याच्या कामाला आला तो एक पाठ असलेला आकडा: चंद्राची दीप्ती, दर चौरस फुटाला २५० कॅन्डल.

त्याच्या एक-दोन वर्षं आधीच त्याने फ्रेड आर्चरबरोबर आपली ‘झोन सिस्टिम’ बांधली होती. काळ्याकुट्टापासून कागदाच्या शुभ्र पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या, एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना उजेड दुप्पट. मधली राखाडी पाचवर. चंद्र त्याने सातवर ठेवला, म्हणजे जिथे पांढऱ्यातही थोडा पोत शिल्लक राहतो तिथे. गडद पिवळा फिल्टर, छिद्र एफ/३२, वेळ एक सेकंद. दुसऱ्या फिल्मसाठी होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. ही एवढीच निगेटिव्ह.

दुखण्याचं मूळ इथे आहे. हिशोब झाला तो चंद्राचा. जमिनीवर किती उजेड आहे ते मोजायला हातात काही नव्हतं. चंद्र वाचला, वस्ती उपाशी राहिली. डेव्हलप करताना त्याने तिला वाचवायचा प्रयत्न केला. फिल्म थोडा वेळ पातळ डेव्हलपरमध्ये, मग नुसत्या पाण्यात न हलवता ठेवायची. फिल्मच्या थरात मुरलेलं डेव्हलपर उजळ भागात पटकन खर्ची पडतं आणि तिथलं काम थांबतं. अंधाऱ्या भागात ते पुरतं आणि काम सुरू राहतं. अशा दहा फेऱ्या. तरीही जमीन पातळच राहिली.

काहीही संस्कार न करता या निगेटिव्हचं प्रिंट काढलं तर ते कसं दिसतं, हे अंतिम प्रिंटशेजारी ठेवून अनेक ठिकाणी छापलेलं आहे. ती जोडी मी पुन्हा पुन्हा पाहते. साध्या प्रिंटमधलं आभाळ मध्यम राखाडी आहे आणि त्यात थेट वरपर्यंत ढगांच्या फिकट रेघा ओढलेल्या आहेत. जमीन मळकट. चंद्र आभाळापासून जेमतेम सुटा. क्रूस आहेत, पण शोधावे लागतात. गंमत अशी की माहिती या प्रिंटमध्येच जास्त आहे. वरच्या ढगांचा एकेक पदर त्यात आहे. तरी नजर कुठे टेकत नाही. आभाळ आणि जमीन एकाच राखाडीच्या आसपास घुटमळतात, ढगांच्या रेघा चंद्राच्या वाट्याची नजर ओढून घेतात, आणि क्रुसांना कुणी पुढे येऊ देत नाही.

सपाटपणाचं खरं लक्षण मला हे वाटतं. काळ्या-पांढऱ्यातलं अंतर कमी पडलं म्हणूनच तो येतो असं नाही. चित्रातल्या गोष्टींनी कोण पुढे, कोण मागे, कोणी गप्प बसायचं हे ठरवलेलं नसतं, म्हणून तो येतो. सगळ्या चित्राचा कॉन्ट्रास्ट एकदम वाढवला तर हा गोंधळ मिटत नाही, फक्त जास्त मोठ्या आवाजात ऐकू येतो.

ॲडम्सने सगळं एकदम कधीच वाढवलं नाही. पहिली काही वर्षं तो या निगेटिव्हशी एन्लार्जरखाली झगडला. मग १९४८ साली त्याने छाती धडधडावी असं काम केलं. एकुलती एक, तोवर नाव झालेली निगेटिव्ह. तिचा क्षितिजाखालचा तेवढाच भाग घनता वाढवणाऱ्या रसायनात बुडवला. बुडवायचा, काढायचा, पाण्यात धरायचा, उजेडात बघायचा, पुन्हा बुडवायचा. हे रसायन जिथे चांदी आधीच जास्त आहे तिथे जास्त भर घालतं, जिथे कमी आहे तिथे कमी. त्यामुळे क्रूस, चर्चची भिंत, घरांची छपरं आजूबाजूच्या झुडपांपासून सुटी झाली. द्रावण बोटभर वर चढलं असतं तर डोंगरांवर कायमची रेघ उमटली असती. आभाळाला त्याने स्पर्श केला नाही. आज आपण मास्क लावून फक्त खालच्या अर्ध्या भागाचा कॉन्ट्रास्ट उचलतो. तेच हे, फरक इतकाच की ‘अनडू’ नव्हतं.

यानंतर प्रत्येक प्रिंटची कसरत. डार्करूममध्ये कागदावर जिथे उजेड जास्त पडतो तिथे कागद जास्त काळा होतो. आधी सगळ्या चित्राला मूळ उजेड. मग हातात पुठ्ठा घ्यायचा, जमीन झाकायची आणि आभाळाला जादा उजेड द्यायचा. चंद्राच्या वर, चौकटीच्या माथ्यापर्यंत, आणखी जादा. पुठ्ठा स्थिर धरला तर त्याची कड उमटते, म्हणून तो सतत वरखाली हलता ठेवायचा. डोंगरांच्या रेषेजवळ हात जपून, नाहीतर बर्फ मळतो. चंद्राचा पांढरा टिकला पाहिजे, पण तो कापून चिकटवलेल्या कागदासारखा कोरा होता कामा नये. शिवाय ओलं प्रिंट दिसतं तसं वाळल्यावर दिसत नाही, वाळताना ते किंचित मंद होतं. पुढच्या काळात ॲडम्स चाचणीच्या पट्ट्या चक्क मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये वाळवून मगच निर्णय घेई. या एका निगेटिव्हचे त्याने आयुष्यभरात १३०० हून अधिक प्रिंट काढले असा अंदाज आहे, आणि दर वेळी हा सगळा प्रयोग हातानेच.

त्या प्रिंटांमध्ये आभाळ दशकागणिक गडद होत गेलं. चाळीसच्या दशकातल्या प्रिंटांत ढगांच्या रेघा दिसतात. मग त्या पुसट होत जातात आणि शेवटच्या काळातल्या प्रिंटांत चंद्राच्या वर काहीही उरत नाही. ॲडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाला होता, आणि निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी, प्रिंट म्हणजे मैफल, असं तो मानायचा. ख्याल ऐकणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. बंदिश तीच, चार ओळींची. गवयाने ती तिशीत गायलेली आणि साठीत गायलेली यांत शब्द बदलत नाहीत. कोणत्या जागेवर थांबायचं, कोणती जागा नुसती स्पर्शून सोडून द्यायची आणि कोणती घ्यायचीच नाही, ते बदलतं.

आता अंतिम प्रिंटकडे परत येऊ आणि नजर खालून वर नेऊ. झुडपं गडद. त्यांच्यावर क्रूस आणि भिंती उजळ. त्यांच्या मागची जमीन आणि डोंगरांच्या उतरणी पुन्हा गडद. त्यावर बर्फ उजळ, ढग आणखी उजळ, मग आभाळ काळं आणि त्यात चंद्र. काळोख आणि उजेड आलटून पालटून येतात आणि प्रत्येक उजेडाच्या पाठीला एक अंधार उभा असतो. दूरचं फिकट आणि धुरकट दाखवून खोली आणायची, ही नेहमीची युक्ती इथे नाहीच. पिवळ्या फिल्टरने धुरकटपणा आधीच कापलेला आहे, मैलोन्‌मैल दूरचा बर्फ क्रुसांइतकाच स्वच्छ आहे. तरी तो दूर वाटतो. मधल्या गडद पट्ट्यांवरून नजरेला चालत जावं लागतं म्हणून.

क्रूस जवळून पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक क्रूस म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची पांढरी खूण. त्यांच्यावर कुठेही झळाळी नाही, कुठे प्रभा फाकलेली नाही. फक्त आजूबाजूचं मागे सरकलंय. साध्या प्रिंटमधले क्रूस आणि इथले क्रूस यांच्या पांढऱ्यात फार फरक नाही, फरक शेजाऱ्यांत आहे. एडिटिंग करताना एखादी गोष्ट पुढे आणायची असली की आपला हात त्या गोष्टीवर जातो: ती उजळ करू, धारदार करू, तिच्याभोवती चमक टाकू. हे चित्र सांगतं की हात शेजारच्यावर जायला हवा होता.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली आणि तेव्हापासून ती दिसायची थांबत नाही. पौर्णिमेच्या जवळचा चंद्र सूर्याच्या समोरच्या दिशेला उगवतो. छायाचित्रकाराच्या पाठीशी पश्चिमेला सूर्य, समोर पूर्वेला चंद्र. क्रूस ज्या उन्हाने उजळलेत त्याच उन्हाने चंद्रही उजळलाय, आणि तेही त्याच बाजूने. क्रूस आणि चंद्र या एकाच दिव्याखालच्या दोन पांढऱ्या वस्तू आहेत. म्हणूनच इतक्या काळ्या आभाळातही चंद्र उपरा वाटत नाही, जमिनीचा आणि त्याचा नातेसंबंध तुटत नाही. घराच्या फोटोत दुसरीकडचा चंद्र आणून बसवणाऱ्यांचं चित्र इथेच फसतं. घराच्या मागून ऊन येत असतं, त्याच बाजूच्या आभाळात पूर्ण चंद्र लावलेला असतो; बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण चंद्र स्टिकर वाटतो. मग तो आणखी मोठा केला जातो. ॲडम्सचा चंद्र एवढ्या मोठ्या चौकटीत ठिपक्याएवढा आहे आणि तो लहान असल्यामुळेच आभाळाचं माप कळतं.

जोडकाम काही नवं नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची दृश्यं टिपताना एका अडचणीत होता. त्या वेळची काच-निगेटिव्ह निळ्या रंगाला फार संवेदनशील; समुद्र नीट यावा एवढा वेळ दिला तर आभाळ कोरं पांढरं व्हायचं. त्याने आभाळाची एक आणि पाण्याची एक अशा दोन निगेटिव्ह क्षितिजावर जुळवून प्रिंट काढले. ते टिकले, कारण ढगांतला उजेड आणि पाण्यावरची चमक यांचं तो जमवून घ्यायचा.

आजच्या पडद्यावर परिस्थिती उलटी झाली आहे, आणि माझ्या मते ती जास्त अवघड आहे. फोनचा कॅमेरा एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम एकत्र करतो, सावल्या उघडतो, उजळ भाग आवरतो आणि प्रत्येक कोपऱ्यात तपशील भरून देतो. ॲडम्सची जमीन उपाशी होती. आपल्या चित्रात सगळेच तुडुंब जेवलेले असतात. त्यामुळे सपाट चित्र समोर आलं की काय वाढवू हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. काय काढून घेऊ, हा विचारावा. चित्रातले रंग क्षणभर घालवून ते कृष्णधवल करून बघावं; रंगांच्या गजबजाटात लपलेला राखाडीचा एकसुरीपणा लगेच उघडा पडतो. मग चित्र टपाल तिकिटाएवढं लहान करावं. एवढ्याशा आकारातही तीन-चार ठळक पट्टे वेगळे दिसत असतील तर कल्पना जिवंत आहे, काम फक्त मास्क आणि ब्रशचं उरलंय. सगळं मिळून एकच करडा डाग दिसत असेल, तर कोणत्या भागाने आपला तपशील सोडायचा हे आधी ठरवावं. तो सोडायला मन तयार होत नाही, कारण त्या ढगांसाठीच तर आपण थांबलेलो असतो.

या कामाची अवजारं त्याच डार्करूममधून आली आहेत. १९९० साली बाजारात आलेला फोटोशॉप थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी लिहिला. त्यांच्या वडिलांची घरात डार्करूम होती. फोटोशॉपमधल्या ‘डॉज’ या अवजाराचं चिन्ह म्हणजे काडीच्या टोकाला लावलेली गोल चकती आणि ‘बर्न’चं चिन्ह म्हणजे बोटं वळवून मध्ये भोक ठेवलेला हात. एन्लार्जरच्या उजेडात एखादा भाग वाचवायला चकती धरायचे आणि एखाद्याच भागावर जादा उजेड सोडायला हाताची अशी खिडकी करायचे. पहिल्यांदा ही चिन्हं ओळखू आली की ब्रश फिरवण्याची गतीच बदलते. चकती हलती ठेवायची असते, हे हाताला आपोआप समजतं.

हाच ॲडम्स १९३२ साली ‘ग्रुप एफ/६४’ च्या संस्थापकांपैकी एक होता. छायाचित्राने चित्रकलेची नक्कल करू नये, सॉफ्ट फोकस आणि हाताची कलाकुसर नको, कॅमेऱ्याने जसं टिपलं तसं स्वच्छ दाखवा, हा त्या गटाचा आग्रह. अशा माणसाने पावणेपाचच्या आभाळाची रात्र करावी हा आक्षेप घेतला जातो. मला त्यात विसंगती वाटत नाही. त्याने चित्रात काही बाहेरून आणलं नाही, चंद्र सरकवला नाही, क्रूस वाढवले नाहीत. जो उजेड फिल्मवर पडला होता त्याची वाटणी त्याने नव्याने केली. त्याला रस्त्याच्या कडेला जे दिसलं त्यात ऊन विझत होतं आणि चंद्र चढत होता. मध्यम राखाडी आभाळात ही ओढाताण कुठेच नव्हती.

मात्र सगळ्या प्रिंटांवर माझं सारखं प्रेम नाही. अगदी शेवटच्या काळातल्या काही प्रिंटांत चंद्राच्या वरचा काळा इतका भरीव होतो की तो आभाळ न राहता भिंत व्हायला लागतो, म्हणजे सपाटपणा दुसऱ्या दाराने परत येतो. त्यांना वाचवतो तो खालचा भाग: ढगांच्या थराला लागून आभाळ अजून राखाडी आहे आणि तिथून काळ्याकडे होणारा बदल इतका सावकाश आहे की तो कुठे सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही. मला मधल्या काळातले प्रिंट आवडतात. त्यांत वरच्या ढगांची एखादी रेघ अजून दिसते न दिसते अशी असते आणि काळ्यामागेही काही आहे याची तेवढ्यावर खात्री पटते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जाणत्या लोकांना मात्र तीच रेघ खटकते, आणि ॲडम्सचा कौलही शेवटपर्यंत त्यांच्याच बाजूने राहिला.